नाशिकमधला इटालियन गोली

नाशिकला लोक देवाला जातात, नाहीतर द्राक्षाच्या बागा बघायला जातात. मी भांडायला गेले होते.

आमची सायली कोल्हापूरच्या मैदानावर पोरांनासुद्धा घाम फोडणारी गोली. गोलकीपर म्हणायला जिभेला वळसा पडतो, म्हणून आमच्या पेठेत सगळे गोलीच म्हणतात. राज्याच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली, तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली होती. शिबिर लागलं नाशिकला, आणि पंधरवडा जातोय न जातोय तोवर फोन आला, "आई, मला दोन नंबरला ठेवलंय. मी घरी येतो." (आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. नाशिकच्या बायका त्यावर तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत.)

तिचे पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. ते ऐकून जेवले नाहीत. पेठेच्या टीममध्ये राखीव गोली म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांचे बूट राखायचे, बर्फ आणायचा आणि मॅच संपली की झेंडे गुंडाळायचे. "पोरगी बूट राखायला जन्माला घातली नाही," ते म्हणाले, "जा, घेऊन ये." मी पडले तोंडाची फटकळ, म्हणून असल्या कामाला मीच. माझं मैदानाजवळ भडंगाचं दुकान आहे, ते दिराच्या ताब्यात दिलं, डबाभर भडंग बरोबर घेतली आणि परतीची दोन तिकिटं काढूनच निघाले.

पंचवटी

सकाळी उतरले ती कुडकुडतच. कोल्हापुरात थंडी पाहुण्यासारखी येते, इथं ती घरचीच असावी. पंचवटीत एका धर्मशाळेत खोली मिळाली. खाली भाजीबाजार, वर देवळांच्या घंटा, आणि मधल्या बोळातून रिक्षा अशा काढतात की आपण भिंतीला चिकटून रामाचं नाव घ्यावं. गोदावरीवर गेले. आमची पंचगंगा घाटाच्या खाली गुमान वाहते. इथं देवळं थेट पात्रात उतरलीत, माणसं नदीतच पूजा करतात, नदीतच धुणं धुतात आणि तिथंच बसून चहा पितात. मी भांडायला आलेली बाई, पण पाय पाण्यात घातले आणि घटकाभर कशाला आलोय तेच विसरले.

मग मिसळ मागवली, आणि माझं कोल्हापूर जागं झालं. मिसळीबरोबर पापड, दही, आणि पाव! आमच्याकडं ब्रेडचे स्लाइस देतात आणि कट असा की कान गरम व्हावेत. पोऱ्याला म्हटलं, बाबा, ही मिसळ आहे का केळवण? गल्ल्यावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, आधी खाऊन तर बघा." खाल्ली. काळा मसाला घशात उतरला आणि मी गप बसले. भारी होती. घरी हे कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितेय तेवढंच.

सातपूर

शिबिराचं मैदान सातपूरला, कारखान्यांच्या पाठीमागे. शिफ्ट सुटली की कामगार मोटारसायकली भिंतीला लावतात, डबे हँडलला अडकवतात आणि मुलींचा खेळ बघत उभे राहतात. मीही त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

गोलात एक उंच, सडपातळ मुलगी होती. ती एक नंबरची गोली, प्रज्ञा, सातपूरचीच. आणि तिच्यावर बॉल मारत होती आमची सायली. दोघी गोलींनी एकमेकींना तयार करायचं, अशी तिथली पद्धत. पण सायली तयार करत नव्हती, तिला फोडत होती. प्रज्ञाला डाव्या हाताला खाली जायला अवघड जातं, हे सायलीनं बरोबर हेरलेलं. एकामागून एक बॉल तिथंच, सणसणीत. पोरगी पडायची, उठायची, बॉल जाळ्यात. मी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, बघा म्हणावं कोण एक नंबर आहे ते.

शेजारी एक माणूस उभा होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट. तो हळूच म्हणाला, "तुमची पोरगी हाय का ती? लय जोरात मारती. आमच्या प्रज्ञाला रातची झोप नाय लागत." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच माझे हात खाली आले.

गोलींना शिकवायला एक म्हातारा होता. पांढरे केस, सहा फुटांच्या वर उंची, हाताचे पंजे भाकरीएवढे. नाव ओरेस्ते, इटलीचा. त्याच्या मुलानं नाशिकची मुलगी केलीय. मुलगा इथंच एका कारखान्यात यंत्रं बसवतो, इंदिरानगरला घर आहे. बायको गेल्यापासून म्हातारा हिवाळ्यात इकडं येतो आणि घरात बसवत नाही म्हणून मैदानावर येतो, फुकट. सून मनीषा शाळेत शिकवते, संध्याकाळी त्याचं बोलणं मुलींना मराठीत सांगते. हे सगळं तिनंच सांगितलं आणि मोबाइलवर एक फोटोही दाखवला. मोठ्या क्लबची टीम, पुढं चांदीचा भला मोठा कप, आणि कोपऱ्यात गोलीच्या जर्सीत तरणाबांड ओरेस्ते. इटलीचे विजेते होते ते त्या साली, असं मनीषा म्हणाली. आणखी काही सांगणार होती, पण मी ऐकायला थांबलेच नाही. माझं डोकं चालायला लागलं होतं.

आता आमच्या कोल्हापूरची रीत सांगते. कुणाकडून काम काढायचं असेल तर आम्ही अर्ज करत नाही, भांडतही नाही. आधी सत्कार करतो. फेटा बांधला, नारळ दिला, चार शब्द बोललो की समोरचा माणूस अर्धा आपला झाला. इटलीचा विजेता गोली! त्याच्या डोक्यावर फेटा चढवायचा आणि मग म्हणायचं, आमच्या पोरीला एक नंबर करा. सायलीला हे सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "आई, मला फक्त घरी घेऊन चल." म्हटलं, तू गप.

दुसऱ्या दिवशी बाजारातून गुलाबी फेट्याचं कापड घेतलं. फेटा बांधायला मी माझ्या सासऱ्यांकडून शिकलेय. मैदानावर सगळ्या मुली गोल करून बसवल्या, म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि कडक फेटा बांधला. तुरा असा उभा राहिला की भिंतीवरच्या कामगारांनी शिट्ट्या वाजवल्या. मग मी भाषण केलं. इटलीचे महान विजेते, ज्यांनी आपल्या दोन हातांनी कप जिंकून आणला, वगैरे. मनीषा भाषांतर करता करता अडखळत होती. मला वाटलं, माझी मराठी तिला झेपत नसेल.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, फेटा सावरला आणि बराच वेळ बोलला. मनीषानं खाली बघत सांगितलं, "पप्पा म्हणतात, त्या वर्षी मी एक मिनिटही मैदानात उतरलो नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही नाही. मी दोन नंबरचा गोली होतो. कप दुसऱ्यानं जिंकला. हा फेटा अशा माणसालाही चालत असेल तर मी ठेवतो, नाहीतर सोडून घ्या."

माझा असा पोपट आयुष्यात झाला नव्हता. सायलीकडं बघितलं तर ती आ वासून त्या म्हाताऱ्याकडं बघत होती. शेवटी कसंबसं म्हणाले की आमच्याकडं एकदा बांधलेला फेटा सोडून घेत नाहीत. त्यानं मान डोलावली आणि तसाच फेट्यानिशी सराव सुरू केला.

त्या दिवशीही सायलीनं प्रज्ञाला ठोकूनच काढलं. शेवटचा बॉल जाळ्यात गेला, प्रज्ञा मातीत पडलेली, सायली पाठ फिरवून निघाली. म्हाताऱ्यानं बॉल उचलला, प्रज्ञाला परत गोलात बोलावलं आणि अगदी हलका, लहान लेकराला द्यावा तसा बॉल तिच्या छातीवर टाकला. तिनं धरला. मगच त्यानं शिट्टी वाजवली. मला तेव्हा वाटलं, लाड करतोय.

निघताना त्यानं मला आणि सायलीला जेवायला बोलावलं. फेटा बांधणाऱ्या बाईला उपाशी जाऊ देणं त्याच्या गावात बसत नाही, असं मनीषाकरवी सांगितलं.

इंदिरानगर

इंदिरानगरच्या त्या घरात तुळस होती आणि शेजारीच कुंडीत त्याची इटलीची तुळस. वास निराळा, दिसायला मात्र चुलतबहीण. स्वयंपाक म्हाताऱ्यानं केला. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून हाटत राहायचं, हात दुखेपर्यंत, मग ते लाकडी पाटावर ओतायचं आणि घट्ट झालं की दोऱ्यानं कापायचं. म्हटलं, अहो, ही तर आमची उकड! दोऱ्यानं कापणं मात्र कधी पाहिलं नव्हतं. वर चीज आणि वांग्याची भाजी. मी भडंग काढली. त्यानं एक मूठ तोंडात टाकली, लालबुंद झाला, पाणी प्याला आणि पुन्हा हात पुढं केला. मनीषाचा नवरा म्हणाला की पप्पा असे कधीच खात नाहीत. तेव्हापासून आमची जरा गट्टी जमली.

जेवताना सायलीनं एकदम विचारलं. तिला भिडभाड नाही, माझ्यावर गेलीय. म्हणाली, "सर, तुम्हाला राग नव्हता येत?"

मनीषानं विचारलं आणि म्हातारा बोलायला लागला. पुढचं सगळं मी तिच्या तोंडून ऐकलं तसं लिहितेय. तळ्याकाठच्या खेड्यातला, सुताराचा पोरगा. लहान लहान गावांच्या टीममध्ये चिखलात एक नंबरला खेळला, नाव झालं, म्हणून मोठ्या क्लबनं घेतला. तिथं गोलात जो होता तो अख्ख्या देशाचा लाडका. ओरेस्ते बाकावर बसला तो वर्षानुवर्षं बसला. तिकडं अशा गोलीला बारावा म्हणतात, आणि हे ऐकून मी मनातल्या मनात शिव शिव म्हटलं.

राग यायचा, तो म्हणाला. सुरुवातीला दर रविवारी देवळात जाऊन तो मेणबत्ती लावायचा की त्या एक नंबरवाल्याचा पाय मुरगळू दे. आम्ही हसलो. तो हसला नाही. मग एका रविवारी त्या मोठ्या गोलीनं फालतू गोल खाल्ला आणि सामन्यानंतर येऊन विचारलं, तू बाहेरून बघत होतास, माझं काय चुकलं? ओरेस्तेनं सगळं पाहिलं होतं. बाकावरून दुसरं करायचं काय? सांगू का नको, असं झालं. शेवटी सांगितलं, तू पाय आधी उचलतोस. आठवडाभर दोघांनी तेवढंच केलं. पुढच्या रविवारी तसाच बॉल आला आणि त्यानं अडवला.

"पप्पा म्हणतात," मनीषा सांगताना थांबली, "तो बॉल माझ्या हाताला लागला. बाकावर बसलो होतो मी, पण लागला."

त्यानंतर त्यानं मेणबत्त्या सोडल्या. पण तयारी सोडली नाही. दर आठवड्याला, आपणच खेळणार आहोत अशी पूर्ण तयारी करायची. खाणं, झोप, समोरच्या टीमचा कोण कुठल्या पायानं मारतो त्याचा अभ्यास, सगळं. आणि रविवारी ती तयारी तशीच घरी घेऊन जायची. सोमवारी पुन्हा सुरू. आम्ही कोल्हापूरची माणसं, दोन मॅच बाहेर बसवलं की टीम बदलतो, तिसऱ्या मॅचला पंचाला शिव्या घालतो. हा माणूस तारुण्य सगळं पायात बूट बांधून बसला होता.

"एकदाही खेळला नाहीत?" मी न राहवून विचारलं.

एकदा, म्हणाला. सामन्याच्या दोन दिवस आधी मोठ्या गोलीचा हात मोडला. भरलेलं स्टेडियम, समोर तगडी टीम. ओरेस्ते अंग गरम करायला मैदानात आला तर पाठोपाठ तो मोठा गोली. हात गळ्यात बांधलेला, अंगात कोट, पायात फुटबॉलचे बूट. इतकी वर्षं ओरेस्तेनं त्याला बॉल मारून तयार केलं होतं, आज तो ओरेस्तेला मारत होता. आणि शेवटचा बॉल त्यानं अगदी हळू दिला, सरळ हातात. तिकडच्या गोलींची ती रीत आहे. तयार करणाऱ्यानं शेवटचा बॉल नेहमी धरता येईल असा द्यायचा. गोलीनं गोलात जाताना धरलेला बॉल आठवत जावं, सुटलेला नाही. ओरेस्तेनं तो बॉल दर रविवारी दुसऱ्याला दिला होता. स्वतःला मिळाला तो एकदाच.

"मॅच जिंकली?" सायलीनं विचारलं.

"हरलो," तो चक्क मराठीत म्हणाला, आणि पानातली उकड संपवायला लागला.

मला भरून आलं. मी त्याच्या ताटात आणखी भडंग वाढली. काल मी टाळ्या कशाला वाजवल्या, त्याची तेव्हा लाज वाटली.

पुन्हा सातपूर

माझ्या मुक्कामाचा तिसरा दिवस, तोच शिबिराचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी टीम स्पर्धेला निघणार होती. कुणाला माघार घ्यायची असेल तर संध्याकाळपर्यंत सांगा, असं मुलींना बजावलेलं. माझ्या पर्समध्ये दोन तिकिटं होती, सायलीनं बॅग भरली होती. तिच्या पप्पांचे सकाळपासून फोन, निघालात का, निघालात का.

मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. प्रज्ञाचे वडील होतेच. सायलीनं बॉल मांडले आणि पहिलाच बॉल प्रज्ञाच्या डाव्या हाताला, खाली, सणसणीत. सुटला. म्हटलं, गेली रात्र वाया. तिनं दुसरा तिथंच मारला, तिसरा तिथंच, जोर तसूभरही कमी नाही. पण मग ती चालत प्रज्ञाजवळ गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तिच्या गुडघ्याला हात लावून काहीतरी दाखवलं, स्वतः पडून दाखवलं, परत मागं आली आणि पुन्हा तिथंच मारला. पुन्हा गेली, पुन्हा दाखवलं. प्रज्ञा आधी बिचकत होती, मग मान हलवायला लागली, मग तिनंही उलट काहीतरी विचारलं. दोघी मातीनं माखल्या. किती वेळ चाललं कोण जाणे, भिंतीवरची माणसं चहा पिऊन परत आली. आणि एक बॉल प्रज्ञाच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला. सायली अशी ओरडली की माझ्या हातातली पर्स पडली.

म्हातारा लांब उभा होता, हाताची घडी घालून. तो मध्ये पडला नाही, शिकवायलाही आला नाही.

शेवटचा बॉल सायलीनं हातात घेतला, चार पावलं पुढं गेली आणि प्रज्ञाच्या छातीवर अलगद टाकला. प्रज्ञानं तो धरला आणि धरूनच उभी राहिली. प्रज्ञाच्या वडिलांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. माझे मी पदरानं.

सायली माझ्याकडं आली. घामानं निथळत होती. म्हणाली, "आई, तू एकटी जा. मी राहतो."

म्हटलं, "अगं, पण तिकडं जाऊन बाकावरच बसवतील तुला."

"व्हय," ती म्हणाली, "बसतो की."

तिच्या पप्पांना काय सांगू, असं विचारणार होते. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि राहू दिलं. ओरेस्तेचा निरोप घ्यायला गेले तर तो वाकून माझ्या हाताला आपला हात लावून काहीतरी म्हणाला. मनीषा दुसरीकडं होती, त्यामुळं काय म्हणाला ते मला आजतागायत माहीत नाही. मी त्याला कोल्हापूरला या म्हटलं, तेही त्याला कळलं नसेल. एक तिकीट रद्द केलं. नाशिकचा चिवडा दोन किलो घेतला, भडंगवालीनं चिवडा नेला म्हणून घरी टोमणे खायची तयारी ठेवून.

कोल्हापूर

टोमणे राहिले बाजूला, घरात स्पर्धा संपेपर्यंत अबोला होता. तिच्या पप्पांनी ओरेस्तेची गोष्ट अर्धी ऐकली आणि उठून गेले. पेठेत जो तो विचारायचा, पोरगी उतरली का? मी म्हणायची, अजून नाही. लोक च्, च् करत पुढं जायचे.

फायनलच्या दिवशी मी दुकानात होते. संध्याकाळची गर्दी, कढईत शेंगदाणे, आणि फोन वाजला. सायलीचा आवाज बसलेला, मागं नुसता गोंगाट. "आई, टायब्रेकरला गेली मॅच. शेवटची किक प्रज्ञाच्या डाव्या हाताला, खाली. धरली, आई. धरली तिनं."

मी विचारलं, "तुला उतरवलं का गं?"

"मला?" तिला माझा प्रश्नच कळला नसावा. "नाही. मला कशाला उतरवतील? अगं ऐक ना, पाय नंतर, हात आधी, जसं ठरलं होतं तसं गेली ती." पुढं ती बोलत होती का रडत होती ते गोंगाटात समजेना. मग फोन बंद झाला.

दुकानात पेठेचे एक जुने खेळाडू भडंग घ्यायला उभे होते. त्यांनी विचारलं, काय म्हणते पोरगी?

"जिंकले," मी सांगितलं. "शेवटचा गोल आमच्या सायलीनं वाचवला."

"म्हणजे उतरली म्हणा की शेवटी."

"नाही," म्हटलं, आणि मला रडू फुटलं.